घरचा मिस्त्री : पुढचा मागचा ॲक्सल



बॅटरीवरचा लेख छापून आला आणि रामलेहून एका वाचक भगिनींचा फोन आला. म्हणाल्या, "बॅटरीचं समजलं हो, पण आमची गाडी वळताना पुढून कट् कट् करते, त्याचं काय ते लिहा." मला हसू आलं. हाच आवाज गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीतून येत होता आणि त्यापायी एक अख्खा बुधवार मी गाडीखाली काढला. तो दिवस जसा गेला तसा सांगतो. त्यात काम कसं करावं तेही येईल आणि कसं करू नये तेही.

आमची गाडी लहान, जपानी, अठरा वर्षांची. दिमोनाहून आमच्या मंडळींना आठवड्यातून तीनदा, रविवार, मंगळवार आणि गुरुवारी, बेर-शेव्याला डायलिसिससाठी न्यावं लागतं. जायला ३५ किलोमीटर, यायला ३५. सकाळी सहाला घर सोडायचं. टॅक्सीत बसलं की त्यांना मळमळतं, म्हणून आपलीच गाडी बरी.

एका मंगळवारी परत येताना किकारला वळलो तशा मंडळी म्हणाल्या, "अहो, बाहेर कोणी सुपारी कातरतंय का?" मी म्हटलं, "तुमच्या कानांना काहीही ऐकू येतं." पुढच्या किकारला पुन्हा तेच. मला काहीच ऐकू येईना. घरी येऊन नातीला गाडीत बसवलं, मोकळ्या मैदानात नेलं, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवलं आणि हळूहळू वेग देत गोल चकरा मारल्या. ती ओरडली, "सबा, कट्-कट्-कट्-कट्! डावीकडून!" आवाज किती दिवसांचा होता देव जाणे. माझे कान उंच आवाजाला आता साथ देत नाहीत, आणि कानाचं मशीन मी गाडीत घालत नाही. माझ्या वयाच्या वाचकांनी नातवंडांना बसवून अशी एक चक्कर मारून बघावी. लाजायचं काही कारण नाही.

आवाज कसला ते ओळखता आलं पाहिजे. वळताना, वेग देताना कट् कट् होतं तेव्हा ॲक्सलचा चाकाकडचा जॉइंट झिजलेला असतो. सरळ रस्त्यावर वेग देताना गाडी थरथरते आणि पाय उचलला की थरथर थांबते, तेव्हा संशय गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर घ्यावा. आणि वेगाबरोबर वाढणारी सलग घरघर असेल तर ते बहुधा चाकाचं बेअरिंग असतं किंवा टायर. ॲक्सल बदलून ती जाणार नाही, पैसे मात्र जातील.

आता बालमित्रांसाठी थोडं. आजोबांच्या वेळची मुंबईची फियाट टॅक्सी तुम्ही फोटोत पाहिली असेल, काळी-पिवळी. (तशी शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आम्हा जुन्या लोकांना वाईट वाटलं.) त्या गाडीचं इंजिन पुढे आणि फिरणारी चाकं मागची. मधून एक लांब दांडा जायचा. पुढच्या चाकांना एकच काम, वळायचं. आताच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढची चाकं वळतातही आणि गाडी ओढतातही. भारतात १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा पुष्कळ मिस्त्र्यांनी अशी गाडी पहिल्यांदा उघडली. इंग्लंडात मिनी १९५९ मध्येच आली होती.

अडचण अशी की वळलेल्या चाकाला फिरवायचं कसं? जुन्या पद्धतीच्या फुलीच्या जॉइंटमधून वाकडा दांडा फिरवला तर एका फेरीत दोनदा वेग वाढतो आणि दोनदा कमी होतो, चाक धक्के खातं. यावर आल्फ्रेड र्झेपा नावाच्या इंजिनिअरने १९२० च्या दशकात तोड काढली. एका वाटीत एक गोळा, दोन्हींत खाचा, आणि खाचांत सहा पोलादी छर्रे. दांडा कितीही वाकवा, छर्रे दोन्ही दांड्यांच्या कोनाच्या बरोब्बर मध्यावर येऊन बसतात आणि वेग दोन्हीकडे सारखा राहतो. म्हणून त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात, सारख्या वेगाचा सांधा. आपल्या कोपराला वाकायला जमतं, पण वाकलेलं असताना स्वतःभोवती फिरायला जमत नाही. या जॉइंटला दोन्ही जमतं. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांतही तोच आहे.

या जॉइंटवर रबराचा घड्याघड्यांचा बूट असतो, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा. आत काळं ग्रीस. मरतो तो आधी बूट. रबर उन्हाने तडकतं, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडून जातं आणि त्याच्या जागी नेगेवची वाळू आत शिरते. छर्रे वाळूत दळले जातात, खाचांत खड्डे पडतात, की झाली सुपारी कातरायला सुरुवात. बूट फाटलेला वेळीच दिसला आणि आवाज नसला तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं. आवाज आल्यावर ग्रीस भरणं म्हणजे दात पडल्यावर मंजन लावणं. मी वर्षभर चाकामागे वाकून पाहिलं नव्हतं. पाहिलं तेव्हा रिमच्या आत काळ्या ग्रीसची रांगोळी होती.

नावाची एक गंमत. इथले गॅरेजवाले ॲक्सलला 'बाक-आक्स' म्हणतात. इंग्रजांच्या वेळचा 'बॅक ॲक्सल' इथे येऊन असा झाला, आणि मग पुढच्या ॲक्सलला 'बाक-आक्स किद्मी' म्हणू लागले, म्हणजे 'पुढचा मागचा ॲक्सल'. आपल्या चाकापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या दांड्याला मात्र ते 'हत्सी त्सीर' म्हणतात, अर्धा आस. दुकानात हेच नाव सांगा, नाहीतर भलतंच हातात पडेल.

गॅरेजात पुढच्या सोमवारचा नंबर मिळत होता. मध्ये गुरुवार आणि रविवार. जॉइंट मोडला तर गाडी रस्त्यातच उभी राहते, कारण एका बाजूचा दांडा तुटला की डिफरन्शियल सगळी शक्ती तिकडेच वाया घालवतं, दुसरं चाक चांगलं असूनही ढिम्म हलत नाही. बेर-शेव्याच्या रस्त्यावर जुलैच्या उन्हात मंडळींना उपचारानंतर घेऊन उभं राहायचं? मी ठरवलं, बुधवारी आपणच करू. मुंबईच्या वर्कशॉपात मी अकरा वर्षं पाना चालवलाय. जावई सुट्टी काढून आला, नात तर होतीच.

पहिली गोष्ट, आणि यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही. गाडी घोड्यांवर ठेवायची, आणि पोलादी घोड्यांवरच. भायखळ्याला वर्कशॉपात एकाने गाडी विटांवर टेकवली होती. वीट दाबली की हळूहळू वाकत नाही, फुटते. त्याचा हात गेला. मी चार हातांवर उभा होतो, माझ्या हातात चहाचा ग्लास होता, तो मला अजून आठवतो. इथे आणखी एक भानगड आहे, ऊन. दुपारी डांबर मऊ होतं आणि घोडीचे पाय त्यात रुततात. म्हणून प्रत्येक घोडीखाली जाड फळी घातली. मागच्या चाकांना पुढून-मागून अडण्या लावल्या आणि हँडब्रेक ओढला. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी नीट वाचावं, एक ॲक्सल काढला की 'पी' वर ठेवलेली गाडीही जागची हलू शकते. 'पी' च्या भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट, मधला मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा. वर उचलल्यावर चाक फिरतं आणि नट हसत बसतो. हा नट खाचेत ठोकून बसवलेला असतो किंवा त्याला स्प्लिट पिन असते. आधी ती काढा किंवा ठोकलेली कड छिन्नीने वर उचला. मी कड नीट उचलली नाही आणि अर्धा तास वाया घालवला. माझ्या गाडीला ३२ ची गोटी लागली. लांब दांड्यावर मीटरभर पाइप चढवला, जावयाने जोर लावला तेव्हा कुठे कर्र झालं. नट फक्त पाव फेरी सैल करायचा, जास्त नाही, कारण सैल नटावर गाडीचा भार राहिला तर चाकाचं बेअरिंग बिघडतं.

मग गाडी वर घेतली, चाक काढलं. खालचा बॉल जॉइंट सोडवला म्हणजे चाकाचा हब बाहेर झुकवता येतो. ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, याकडे नातीला लक्ष ठेवायला सांगितलं. ब्रेकचा कॅलिपर काढावा लागला तर तो तारेने टांगावा, पाइपावर लोंबकळत ठेवू नये. दांड्याचं टोक हबमध्ये घट्ट बसलेलं असतं. नट उलट आट्यांच्या टोकाशी आणून वर लाकूड ठेवून ठोका. नुसत्या हातोड्याने आटे चेपतात. ॲक्सल बदलायचाच असेल तर बिघडत नाही म्हणा, पण तुम्हाला फक्त बूट बदलायचा असेल तर रडाल.

गिअरबॉक्सकडचं टोक आत एका स्प्रिंगच्या कड्याने अडकलेलं असतं. ते काढायचं ते जॉइंटच्या डब्यामागे पहार घालून, एका झटक्यात. पहार ऑइल सीलवर टेकवायची नाही. मी पहार आणायला वळलो तेवढ्यात जावयाने उत्साहाने दांडाच ओढला. खळ्ळ आवाज झाला, दांडा त्याच्या हातात आला, तीन रोलर जमिनीवर आणि डबा गिअरबॉक्सलाच! दांडा कधी ओढायचा नाही ते याचसाठी. जुना माल होता म्हणून नुकसान झालं नाही, डबा पहारीने वेगळा काढला. जावई बिचारा काळ्या ग्रीसने कोपरापर्यंत माखला. गिअरबॉक्सचं तेल गळतं म्हणून खाली परात ठेवली होती. ती आमच्या मंडळींची पिठाची निघाली, पण तो विषय इथे नको.

आता नवा ॲक्सल. खोक्यातून काढून जुन्याशेजारी जमिनीवर ठेवला. लांबी सारखी. नातीला दाते मोजायला बसवलं, दोन्ही टोकांचे. सव्वीस आणि सव्वीस, बरोबर. मी उचलणार तेवढ्यात ती म्हणाली, "सबा, जुन्याच्या गळ्यात दातांची बांगडी आहे, याच्या गळ्यात नाही."

माझ्या पोटात गोळा आला. ती बांगडी म्हणजे एबीएसची कडी. चाकाचा वेग सेन्सर तिच्यावरून मोजतो. तीच गाडी, तेच वर्ष, पण एबीएस नसलेल्या गाडीचा ॲक्सल मला मिळाला होता. चूक दुकानाची म्हणावं तर मीच गाडीचा चासी नंबर न देता नुसतं मॉडेल आणि वर्ष सांगितलं होतं. आणि त्याहून मोठी चूक, खोकं मी आदल्या दिवशी उघडून पाहिलंच नव्हतं. बिनकडीचा बसवला असता तर गाडी चालली असती, पण एबीएसचा दिवा लागला असता आणि जोरात ब्रेक मारायची वेळ आली असती तर त्याने साथ दिली नसती. दुपारचे साडेतीन. गाडी घोड्यांवर, एक पाय नसलेली. उद्या सकाळी सहाला निघायचंय. मंडळी खिडकीतून सगळं बघत होत्या, बोलल्या काही नाहीत. त्या बोलतात तेव्हा मला बरं वाटतं.

जावई शेजाऱ्यांची गाडी घेऊन बेर-शेव्याला पळाला, चासी नंबर कागदावर आणि जुना जॉइंट पिशवीत. जुना माल सोबत न्यावा, तो खोटं बोलत नाही. तो येईपर्यंत मी गिअरबॉक्सचं ऑइल सील बदललं. स्वस्त वस्तू आहे, पण नंतर गळायला लागली तर सगळं काम पुन्हा. तेवढ्या वेळात नातीने मला विचारलं, "आज झालं नाही तर सवता हॉस्पिटलला कशी जाणार?" मी म्हटलं, "होईल." ती म्हणाली, "पण नाही झालं तर?" मग मी उठलो आणि आमच्या ओळखीच्या एकांना फोन करून ठेवला की गरज पडली तर पहाटे या. हा फोन मी सकाळीच करायला हवा होता. अंगात खुमखुमी असली की माणूस असे फोन करत नाही.

साडेसहाला जावई बरोबर माल घेऊन आला. बांगडी होती. बसवायला फार वेळ लागत नाही. दात्यांना तेलाचा हात लावला, कडं नवं, सीलच्या ओठाला इजा न करता दांडा सरळ आत घातला आणि डब्याला हाताने एक दणका दिला. 'टच्' असा आवाज आला पाहिजे. मला आला नाही, नातीला आला. खात्री करायची म्हणून डबा (दांडा नव्हे!) बाहेर ओढून पाहिला, हलला नाही. बॉल जॉइंट बसवला, बोल्ट आवळले.

मोठा नट नवाच घालायचा, जुना पुन्हा वापरायचा नाही. चाक अजून वरच होतं, म्हणून ब्रेक दाबायला माणूस हवा. जावई टॉर्क पान्याला लागलेला, नातीचा पाय पोचेना. मंडळी खाली आल्या, सीटवर बसल्या, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मी ओरडलो, "दाबा!" त्या म्हणाल्या, "दाबलंय की! तुम्हालाच ऐकू येत नाही." माझ्या गाडीच्या पुस्तकात २१६ न्यूटन-मीटर लिहिलंय. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तकात बघा, लहान गाड्यांतही तो बराच कमी-जास्त असतो. 'हाताला घट्ट लागला' हे इथे चालत नाही. कमी आवळला तर बेअरिंग जातं, जास्त आवळला तरी त्रासच. मग नटाची कड खाचेत ठोकली. चाक लावलं, गिअरबॉक्सचं तेल पातळीपर्यंत भरलं. तेल भरायचं विसरणारे महाभाग मी पाहिलेत. ॲक्सलचे पैसे वाचवून गिअरबॉक्सचे भरतात.

रात्री नऊला मैदानात चकरा मारल्या. उजवीकडे, डावीकडे, पूर्ण वळवून, वेग देत. नात मागे डोळे मिटून बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काहीच नाही." एबीएसचा दिवा बंद. पहाटे यायचं कबूल केलेल्या गृहस्थांना फोन करून झोपायला सांगितलं.

गुरुवारी सहाला निघालो. पहिल्या किकारला मंडळींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सुपारीवाला उतरला वाटतं." १०० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळून घेतले, ते विसरू नका.

उजवीकडचा बूटही भेगाळलेला होता. तो ॲक्सल पुढच्या बुधवारी बदलला, अडीच तासांत. दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत. काही गिअरबॉक्सांत दोन्ही दांडे एका वेळी बाहेर आले की आतले गिअर जागेवरून सरकतात, आणि मग ते काम घरचं राहत नाही. दोन्ही ॲक्सल जोडीने बदललेच पाहिजेत असं मात्र नाही. ज्याचा बूट धड आणि आवाज नाही, त्याला हात लावू नका.

ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, ज्यांच्याजवळ दुसरा माणूस नाही, त्यांनी हे काम करू नये. बूट तपासण्याचं तेवढं करावं. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी उभी करा, इंजिन बंद करा आणि बॅटरीने चाकामागे बघा. घड्यांमध्ये भेगा किंवा रिमच्या आत काळं ग्रीस दिसतंय का? दोन मिनिटांचं काम. वाकता येत नसेल तर नातवंडांना एक चॉकलेट कबूल करा.

जुन्या जॉइंटमधले सहा छर्रे नातीने रॉकेलने धुऊन डब्यात ठेवलेत. दोनांवर खड्डे आहेत, ते तिने शाळेत नेऊन दाखवले. पिठाची परात मी नवी आणून दिली.

पुढच्या अंकात ब्रेकचे पॅड. तोवर रामलेच्या भगिनींनी आवाज उजवीकडून येतो की डावीकडून, ते कळवावं.